दहा लाख नऊ

पडदा सरकतो तेव्हा एकच खोली दिसते. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर बायको, आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालणारा आकडेमास्तर. तिसऱ्यांदा त्याचा पाय कापडाच्या गठ्ठ्यात अडकला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा.

त्याला दोन्ही जमेना.

उभा जन्म त्यानं शिलाई मशीनच्या कारखान्यात मशीनच्या पट्टीवर क्रमांक ठोकले. एक आकडा ठोकला की दुसरा हातात येईपर्यंत डोक्यात भागाकार. कुठला कशानं फुटतो, कुठला फुटत नाही. दहा लाख नऊ क्रमांकाचं मशीन आलं, तेव्हा त्यानं हजाराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येनं भागून पाहिलं. बाकी उरलीच. त्यानं तेच मशीन हप्त्यांवर घरी आणलं आणि नव्या नवरीला सांगितलं, हा आकडा एक आणि स्वतः सोडून कुणाला दाद देत नाही.

तिनं त्याची मनाशी खूणगाठ बांधली. आता दोन्ही मुलगे आईबापांची वाटणी करत होते: आई थोरल्याकडे, बाबा धाकट्याकडे, दोन गावांत. तिनं त्यांना ठणकावलं होतं, ज्या दिवशी तुम्ही हा आकडा फोडाल, त्या दिवशी मी पिशवी उचलीन.

मुलगे आज येणार होते. आणि सकाळी चहा घेता घेता मास्तरनं घोळ करून ठेवला होता. हजाराचा वर्ग आणि तिनाचा वर्ग मिळून दहा लाख नऊ होतात, हे त्याला जुनंच ठाऊक. पण नऊशे बहात्तरचा वर्ग आणि दोनशे पस्तीसचा वर्ग मिळूनही तेवढेच झाले. मूळ संख्येला अशा दोन जोड्या कधीच नसतात. त्यानं जुनी वही काढली. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट, त्याच्या यादीत एकशे सदुसष्ट. तिनाच्या पाढ्यातले आकडे खोडताना दोनशे चौऱ्याण्णववरची काट शेजारच्या दोनशे त्र्याण्णववर बसली होती, आणि नेमकं त्यानंच भागायचं राहिलं होतं. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. बाकी शून्य.

अखेर दारापाशी थांबून त्यानं सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं. तिनं दातानं दोरा तोडला.

"मी काय म्हणाले होते? त्यांनी फोडला तर. त्यांनी कुठं फोडलाय? तुम्ही फोडलात."

"अगं, पण खोटं कसं बोलू?"

"बोलू नका. विचारल्याशिवाय सांगूही नका."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थोरला आत आला, मागून धाकटा. थोरल्यानं चप्पल काढता काढता हसून विचारलंच, की काय बाबा, तुमचा तो आकडा अजून फुटत नाही ना?

मास्तरनं बायकोकडे पाहिलं. तिनं सुईत दोरा ओवायला घेतला होता. त्यानं वहीचं कोरं पान उघडलं, वर पेन्सिल ठेवली आणि थोरल्यापुढे सरकवली.

"फुटतो. कशानं ते तुम्ही शोधा. घाई नाही, तोवर आम्ही दोघं इथंच आहोत."