यानाला हळदीकुंकू

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी रॉक बँडमध्ये गाते. गाते म्हणजे किंचाळते, असं माझं मत, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. तरी एक दिवस ती माझ्या दारात. "काकू, आमच्या गाण्याच्या व्हिडिओत काम कराल? परग्रहावरून यान येतं आणि एक म्हातारी घाबरून पळते. दोन सेकंदांचं काम."

म्हातारी म्हणून मीच सापडले! हाकलूनच दिलं असतं. पण माझा मुलगा कॅनडात असतो आणि त्याला या धांगडधिंग्याचं भारी वेड. आठवड्यातून एकदा फोनवर "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" विचारतो, की झालं. माझं सांगणं सुरू होतं आणि त्याची मीटिंग लागते. म्हटलं, आईला यात बघून दचकेल, स्वतःहून फोन करेल, तासभर बोलेल. एवढ्याचसाठी हो म्हणाले, खोटं कशाला बोलू.

शूटिंग मोहने गावाच्या बाजूला, एका बंद शेडमध्ये होतं. यान म्हणजे पाण्याची टाकी, चंदेरी रंग मारून हातगाडीवर चढवलेली. कोणी साधा नारळसुद्धा फोडला नव्हता. नवीन गाडी अशी कोरडी काढतात का? पर्समध्ये हळदीकुंकवाच्या डब्या असतातच माझ्या. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, चाकाखाली जेवणाच्या डब्यातलं लिंबू ठेवलं आणि गप्प जाऊन बसले.

दुपारी त्यांनी सकाळचं सगळं शूटिंग लॅपटॉपवर लावून बघितलं, त्यात स्वस्तिक दिसलं आणि बोंब झाली. कॅमेरावाल्याने कपाळाला हात लावला. "काकू, हे यान दुसऱ्या ग्रहावरून आलंय हो!"

"मग? नवीन आहे ना?" मीही आवाज चढवला. आतून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाणारी मुलगी हसून हसून खाली बसली. मग तिनेच तोड काढली. यान पृथ्वीचंच, सगळ्या माणसांना घेऊन कधीचं निघून गेलेलं, आता परत आलंय. मागे एकच म्हातारी उरली आहे.

"काकू, आता पळायचं नाही. पायरीवर बसून रस्त्याकडे बघायचं. कोणीतरी येणार आहे असं."

बसले. रोज चार वाजता गॅलरीत बसते तशीच. पहिल्याच फटक्यात झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

महिन्याभराने व्हिडिओ आला. शेवटी कितीतरी वेळ नुसता माझा चेहरा. काही न लिहिता मुलाला पाठवला. तीन दिवस फोन उशाशी घेऊन झोपले.

चौथ्या दिवशी मेसेज आला. "भारी आहे गं! त्या म्हातारीने काय काम केलंय! कोण आहे ती?"

मेकअप नव्हता हो मला. केसांना डाय लावणं तेवढं दोन वर्षांपूर्वी सोडलंय, आणि व्हिडिओ कॉल त्याला जमत नाही.

बराच वेळ लिहीत होते, पुसत होते. शेवटी लिहिलं, "आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई आहेत. एकट्याच असतात."

या वेळी उत्तर लगेच आलं. "अरेरे. मग तू जात जा ना मधूनमधून त्यांच्याकडे."