मेक्सिकोला हरवलं त्या सोमवारी

सरोजाबाईंचं जुन्या तंजावरी वळणाचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रत्नाकरला हसू आवरलं नव्हतं. तो मूळचा नाशिकचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कोरियन कारखान्यात प्रशासन अधिकारी होता. कोरियाहून आलेल्या साहेबांसाठी कंपनीनं पेरुंगुडीला फ्लॅट घेतला होता आणि तिथं स्वयंपाकाला बाई हवी होती. मुलाखतीला आलेल्या बाईंनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, "मी तंजावरची. मांस शिजवणार नाही, अंडंही नाही. हें चालत असेल तर बोला, नाही तर मी निघाल्ये."

चेन्नईत मराठी बोलणारी स्वयंपाकीण मिळते म्हणताच रत्नाकरनं पुढचं काही विचारलं नाही. साहेबांनी बाईंची अट मान्य केली. रविवारी ते बाल्कनीत वेगळ्या शेगडीवर आपलं मांस आपण भाजून घेत आणि तेवढा वेळ सरोजाबाई आतलं दार लावून बसत. कोबीचं कोरियन लोणचं मात्र त्या शिकल्या, माशाचा रस न घालता. त्यांच्या चिनी मातीच्या बरणीत ते इतकं चांगलं मुरायचं की कारखान्यातले बाकीचे कोरियन डबा घेऊन मागायला येत.

फ्लॅटवर दोघं राहत. पार्क सार, म्हणजे तमिळ उच्चारातले सर, पन्नाशीचे, कारखान्याचे प्रमुख, कमी बोलणारे. युन तिशीच्या आतला इंजिनिअर. त्याला तमिळचे चार शब्द येत होते, सरोजाबाईंना कोरियन अजिबात नाही. पण तमिळमध्ये बापाला अप्पा म्हणतात तसंच कोरियनमध्येही म्हणतात, हे त्यांना युनच्या फोनवरून कळलं. सकाळी फोन लागला की तो "अप्पा!" म्हणून ओरडायचा आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहायचा.

दोन हजार दोनच्या जानेवारीतला पोंगल होऊन गेला आणि हे फोन वाढले. रत्नाकर एकदा हिशेबाला आला होता तेव्हा त्यांनी विचारलं, "रत्नाकरराव, त्याचा बाप रोज काय सांगतो इतकं?"

"फुटबॉल, मावशी. त्यांच्या देशाचा संघ अमेरिकेत खेळतोय. स्पर्धा तिकडच्या देशांची, अमेरिका, मेक्सिको, क्यूबा वगैरे. यांना पाहुणे म्हणून बोलावलंय."

"पाहुणे म्हणून? मग जिंकले तर कप कोणाचा?"

"यांचाच की."

"असं कसं? लग्नाला बोलावलं तर पंक्तीला बसावं. नवरी मागावी कां?"

रत्नाकर हसला. या वर्षी विश्वचषक कोरियातच व्हायचा होता, त्याआधी सराव हवा म्हणून संघ गेला होता, असं त्यानं समजावलं. फ्लॅटच्या केबलवर ते सामने दिसत नसत. युनचे वडील देगू शहरात राहत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. ते टीव्हीवर सामना पाहत आणि मग मुलाला फोनवर सगळा सांगत, कोणी कुठून चेंडू दिला इथपासून. अमेरिकेविरुद्ध संघ एका गोलानं हरला. क्यूबाविरुद्ध एकही गोल झाला नाही. तरी आधीच्या सामन्यात केलेल्या एकुलत्या एका गोलावर कोरिया पुढच्या फेरीत गेला आणि क्यूबा घरी गेला.

त्यानंतर फोन आला तो युनच्या बहिणीचा. वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि डॉक्टर फारसं बोलायला तयार नव्हते. युननं रजा मागितली. कारखान्यात नव्या गाडीच्या दरवाज्यांचे साचे बसवायचं काम चालू होतं आणि ते युनकडे होतं. पार्क सारांनी सांगितलं, काम संपव आणि जा. युननं मान खाली घातली आणि कामावर गेला. संध्याकाळी त्यानं ताट तसंच परत केलं, दुसऱ्या दिवशीही.

सरोजाबाई लग्न होऊन मद्रासला आल्या त्यानंतर तिसऱ्या वर्षी त्यांचे वडील तंजावरला वारले. आजारी असल्याची तार आली तेव्हा घरात नणंदेचं लग्न होतं. लग्न उरकून जा, असं सासरी ठरलं. त्या पोचल्या तेव्हा भाऊ अग्नी देऊन नदीवरून परतत होते. ही गोष्ट त्यांनी कोणाला कधी सांगितली नव्हती. दोन दिवस त्यांनी युनसाठी मऊ भात केला.

सोमवारी सकाळी पार्क सार खोलीतून बाहेर आले तेच दोन्ही हात वर करून. "मेक्सिको!" ते म्हणाले. कोरियाहून कोणीतरी कळवलं होतं. सामन्यात गोल झाला नव्हता, पण पेनल्टीवर पाहुण्यांनी मेक्सिकोला बाहेर काढलं होतं. पार्क सारांनी गोलकीपरसारखी झेप घेऊन दाखवली आणि टेबलावर मूठ आपटली. चमचे उडाले. कोपऱ्यात युन बसला होता. तो उठला, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बसला.

सरोजाबाईंनी गॅस बंद केला. अर्धा शिजलेला उपमा तसाच ठेवून त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून पार्क सारांच्या समोर बसल्या. युनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अप्पा." मग दाराकडे हात करून तमिळमध्ये, "पो." जा.

पार्क सारांना दोन्ही शब्द कळले. ते न खाताच गाडीत बसून गेले.

दुपारचा डबा गेला नाही. रत्नाकर संध्याकाळी साहेबांबरोबर त्यांच्या गाडीतूनच आला, वैतागून. "मावशी, हे काय चालवलंय? साहेब म्हणतात, उद्यापासून दुसरी बाई बघ."

"बघा की. तोवर त्यांना माझं एक विचारा. ह्या पोराला कां सोडत नाहीत?"

रत्नाकरनं इंग्रजीत विचारलं. पार्क सारांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि मग उत्तर दिलं. उत्तर लांब होतं.

"ते म्हणतात, तरुणपणी ते सौदीत रस्त्याच्या कामावर होते. तिथं असताना त्यांची आई वारली. कंपनीनं सोडलं नाही. त्यांनी काम पूर्ण केलं आणि मग गेले. सगळेच तसं करायचे."

सरोजाबाईंनी ऐकून घेतलं. "मग? बरं वाटलं कां?"

"हे मी विचारू?"

"विचारा."

रत्नाकरनं विचारलं. पार्क सार उभेच होते. ते खोलीत गेले आणि दार लावलं. रत्नाकरही निघून गेला. सरोजाबाईंनी युनपुरता भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकरचा फोन आला. युनचं तिकीट झालं होतं, सिंगापूरमार्गे, त्याच रात्रीचं. साच्यांच्या कामावर पार्क सार स्वतः उभे राहणार होते. फोन ठेवून सरोजाबाई आत गेल्या आणि गॅस पेटवला. पार्क सारांनी दोनदा उपमा मागून घेतला.

युन मार्चमध्ये परतला, बराच वाळलेला. रत्नाकर बरोबर होता म्हणून सरोजाबाईंना सगळं कळलं. तो पोचला तेव्हा वडील शुद्धीवर होते, डोळे मात्र उघडवत नव्हते. उपांत्य सामना कोस्टा रिकाशी होता. दवाखान्यातल्या टीव्हीसमोर बसून युननं तो त्यांना कानाशी सांगितला. संघ तीन-एकनं हरला. तिसऱ्या जागेसाठी कॅनडाविरुद्धही हरला. खेळाच्या वेळात एकही सामना न जिंकता पाहुणे चौथे आले. हे ऐकून म्हातारा हसला होता, असं युन म्हणाला. फेब्रुवारीच्या मध्यावर ते गेले.

"होतास ना तू जवळ?" सरोजाबाईंनी विचारलं.

"होता," रत्नाकरनं त्याच्या वतीनं सांगितलं.

जूनमध्ये कोरियात विश्वचषक झाला. त्या महिन्यात फ्लॅटवर रोज पंधरा-वीस माणसं जमत, लाल शर्ट घालून ओरडत. तिथंही संघ चौथाच आला, पण या चौथ्या जागेसाठी पार्क सार रडले. सरोजाबाई भजी तळत होत्या. युन मधूनच उठून स्वयंपाकघरात यायचा आणि ओट्याला टेकून उभा राहायचा.

पुढच्या वर्षी पार्क सार परत गेले. नव्या साहेबांनी कोरियाहून स्वयंपाकी आणवला. सरोजाबाई वेळाचेरीला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथल्या चार घरांना दुपारचे डबे देऊ लागल्या. कोबीचं लोणचं त्या डब्यातही घालून पाहिलं. कोणी खाल्लं नाही, तेव्हा ते करणं त्यांनी सोडून दिलं.