मेलेलं पिस्तूल

तराजूकाकांनी उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला. सराफापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे येत, कारण हा माणूस रतीभरही खोटं खपवून घेत नसे. "जरा आमच्या बाजूला झुकवून द्या ना," असं एखादा दुकानदार म्हणालाच, तर काका त्याला काट्यासकट बाहेर काढत. माणूस सरळ, आणि तिरसटही तेवढाच.

त्यांना शौक एकच, जुन्या पिस्तुलांचा. रीतसर परवाना होता, काचेचं कपाट होतं आणि कपाटाची किल्ली कायम गळ्यात. सगळ्यात लाडक्या पिस्तुलासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी पेटी केली होती. तिच्यात मखमलीचे खळगे दोन, पिस्तूल मात्र एक. त्याचा जोडीदार परदेशात, एका दातांच्या डॉक्टरकडे होता. तरुणपणी एका लिलावात दोघे या जोडीसाठी हमरीतुमरीवर आले, दोघांचेही खिसे तोकडे पडले, आणि शेवटी दोघांनी मिळून ती घेतली, वाटूनही घेतली. भांडता भांडता मैत्री झाली ती कायमची. आधी जो जाईल त्याचं पिस्तूल दुसऱ्याकडे यायचं, असं ठरलं होतं.

काकूंना मात्र त्या कपाटाचं वावडं. घरातली वस्तू न् वस्तू त्यांच्या फडक्याखालून जाई, तेवढं कपाट सोडून. लग्नाआधी त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. शेजाऱ्यांची जुनी बंदूक हातात घेऊन बघत होता आणि गोळी सुटली. काकांनी पहिलं पिस्तूल घरी आणलं तेव्हा काकू दारातच थबकल्या होत्या. "अगं, मेलेलं आहे ते," काका हसून म्हणाले होते, "नुसता लोखंडाचा तुकडा." पुढेही प्रत्येक वेळी तेच म्हणाले. काकूंनी विश्वास ठेवला. तराजूकाकांच्या शब्दावर कोण नाही ठेवणार?

मग एक दिवस डॉक्टर गेल्याचा फोन आला. त्यांची मुलगी बोलत होती.

"बाबांचं पिस्तूल तुमचंच आहे, काका. पण आता शस्त्रांच्या ने-आणीबद्दल देशादेशांमध्ये करार झालाय, आमचे नियमही आवळलेत. चालू पिस्तूल असं पाठवता येत नाही. नळी बुजवून, घोडा जाम करून, कायमचं निकामी केलं तरच परवानगी मिळेल."

फोन ठेवला आणि काकांचा तोल सुटला. "जहाजं भरभरून बंदुका विकणारे उजळ माथ्याने फिरतायत, आणि यांना खुपतं काय, तर आमचं म्हातारं पिस्तूल! चांगली जिवंत वस्तू मारून टाकणार! त्यापेक्षा तिथेच राहू दे!"

भाजी निवडणाऱ्या काकूंचा हात थांबला. "जिवंत?"

"म्हणजे चालू गं. जोडी अजून चालते, त्यातच तर तिची खरी किंमत."

"जोडी. म्हणजे आपल्या घरातलंसुद्धा."

काकांचा हात नकळत गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"माझ्या भावाच्या हातातली बंदूकही जुनीच होती हो," काकू म्हणाल्या. "तिलाही सगळे मेलेलीच म्हणायचे." आणि त्या उठून आत गेल्या. आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

गोळ्या त्यांनी घरात कधीच ठेवल्या नव्हत्या, हे खरं. पण चालू म्हणून सांगितलं असतं तर पिस्तूल उंबऱ्याच्या आत आलं नसतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. करारावरचा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःची लाज तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपलं पिस्तूल घेऊन परवानेवाल्या बंदूकवाल्याकडे गेले.

"काका, घरातल्या पिस्तुलाला हा नियमच नाही," तो कळवळून म्हणाला. "मातीमोल होईल हो!"

"होऊ दे. कर वेल्डिंग."

ठिणग्या उडाल्या तेव्हा काकांनी पाठ फिरवली. घरी येऊन त्यांनी डॉक्टरांच्या मुलीला फोन केला, "नियमात बसेल तसं करून पाठव, पोरी."

यथावकाश पार्सल आलं. काकांनी दोन्ही पिस्तुलं पेटीत शेजारी शेजारी ठेवली. जोडी जुळली होती आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी वेल्डिंगचा ओबडधोबड डाग होता. मित्राची आठवण येऊन काकांचे डोळे भरले.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. परदेशातून आलेल्या पिस्तुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. काकांचं उचललं आणि नळीच्या तोंडाला करंगळी लावून पाहिली.

"हे तर इथलंच. याला कुठे जायचं होतं?"

"तुला मेलेलं म्हणून सांगितलं होतं," काका खाली बघत म्हणाले. "ते खरं करायचं राहिलं होतं."

काकूंनी पिस्तूल जपून खळग्यात ठेवलं. मग त्यांची नजर कपाटाकडे वळली. "आणि ही बाकीची?"

काकांनी गळ्यातली किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.