हलकी चाकं

आमच्या गाडीची रुंद, जड चाकं बायकोनेच पसंत केली होती. मुलीच्या लग्नात गाडी रुबाबदार दिसायला हवी, असा हट्टच धरला तिने. महाल भागात माझं गाडी दुरुस्तीचं दुकान. मी कुरकुरलो, पण बसवली. तिच्यापुढे माझं कधी चाललंय!

पुढे आजार तिच्या हाडांत उतरला. धंतोलीच्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या आणि शहरातला प्रत्येक खड्डा माझा वैरी झाला. गचका बसला की ती ओठ दाबून खिडकीबाहेर बघायची. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं वाटायचं.

स्प्रिंग सांभाळते ते स्वतःच्या वरचं ओझं: गाडी, सीट, माणसं. चाक, टायर, ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खाली. रस्त्याचा मार थेट त्यांनाच. चाक जड असलं की खड्ड्यातून उसळताना ते स्प्रिंगला आवरत नाही आणि दणका सीटपर्यंत येतो. हलकं चाक खालच्या खाली वरखाली होतं, वरच्या माणसाला फारसं कळत नाही. म्हणून एका सकाळी मी जुनी, लहान चाकं पुन्हा चढवली.

"काहून काढले जी? गाडी कशी म्हातारी दिसून राहिली," ती रागावली.

"तुले मिरवाले न्यायचं आहे का वं?"

मग माझी नेहमीची परीक्षा. मागच्या सीटवर गळ्यापर्यंत भरलेला पाण्याचा गडवा ठेवून गल्लीतून चक्कर मारली. सीट जवळपास कोरडी राहिली. पुढच्या फेरीला ती चक्क झोपली. आरशात तिची कललेली मान बघून मला भरून आलं.

ते सुख थोडेच दिवस टिकलं. हॉस्पिटलमधून तिला शेवटचं घरी आणलं ते शववाहिकेतून. मी मागे आमच्या गाडीत, शेजारी मुलगी. शववाहिकेच्या स्प्रिंगचे पाटे कडक. खड्डा आला की ती दाणकन आदळायची आणि माझा जीव तुटायचा. मी हॉर्न वाजवत सुटलो. शेवटी ड्रायव्हर थांबून खाली उतरला.

"काय झालं काका?"

"हळू चाल गा. तिले गचके सोसत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग परत गेला आणि घरापर्यंत पायी चालल्यासारखी गाडी चालवली. मागे रांग लागली, लोक ओरडू लागले. आमची गाडी मात्र अगदी मऊ चालत होती, आणि मागची सीट रिकामी होती.