घड्याळाने दाखवलेली धाव

मेळघाटातल्या त्या मृत्यूचा तपास माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा नव्हता, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही तो तोच. संबंधितांची नावे मी लिहिणार नाही.

चिखलदऱ्याकडून सेमाडोहला उतरणाऱ्या घाटात एक तरुण दरीत पडून मेला. अकोल्यात नोकरीला होता. बायको मूर्तिजापूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका. दोघांनाही धावण्याचा नाद. सुट्टीच्या दिवशी घाटात धावायला आले होते. तिच्या जबाबाप्रमाणे, ती दमून वळणावरच्या चहाच्या टपरीत बसली आणि तो दरीचे फोटो काढायला पुढे गेला. तो परत आला नाही. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. पाऊस लागल्याने टपरी बंद झाली होती आणि टपरीवाली बाई गावाला निघून गेली होती. तिचा जबाब तेवढा राहिला.

आठवड्याभराने मृताचा धाकटा भाऊ ठाण्यात आला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. वहिनीच्या मनगटावरच्या घड्याळातली त्या दिवसाची नोंद ॲपवर त्यालाही दिसत होती. नकाशावरची रेघ टपरीपाशी थांबत नव्हती. ती थेट कड्यापर्यंत जाऊन परतली होती. आणि नेमक्या त्या वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर.

"ते म्हणते बसून होती. बसल्या माणसाचे ठोके इतके वाढतेत का साहेब?" तो म्हणाला. "तिनंच लोटलं माह्या भावाले."

मागे त्याची आई उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

आरोप गंभीर होता. दुसऱ्याच दिवशी मी त्या शिक्षिकेला ठाण्यात बोलावले आणि महिला हवालदारांसमोर विचारपूस सुरू केली. रेघ दाखवली, आकडे दाखवले.

"मी कड्यावर गेलीच नाई साहेब. हे असं काहून दाखवून राहिलं, मले नाई समजत."

मी प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना हकिगत आणखी नीटनेटकी करतो, असा माझा अनुभव. हिची मात्र प्रत्येक वेळी तेवढीच अर्धवट येत होती. शेवटी मी विचारले, "बसून होतात म्हणजे नेमकं काय करत होतात?"

"काई नाई. टपरीवाल्या मावशीचा हात दुखत होता, तर मी अद्रक कुटून देत होती. बरंच होतं. मंग चहा झाला." एवढे बोलून ती रडायला लागली. "त्याचा कप झाकून ठेवला होता मी."

आल्याचा खलबत्ता डोक्यात ठेवूनच मी अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांनी सांगितले, की असले घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची हालचाल पाहते. पट्टा सैल असला, घाम किंवा पाणी आत गेले आणि हात एका लयीत हलत राहिला, तर ते हाताचे झटकेच ठोके म्हणून मोजू शकते. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर आणि घट्ट बांधायचा, शंका आली तर छातीवरच्या पट्ट्याशी ताडून बघायचे. जागेचेही तसेच. कड्याच्या भिंतीपाशी उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून येतो. माणूस जागचा हलला नाही तरी रेघ भटकते.

ऐकीव माहितीवर केस उभी राहत नाही आणि मिटतही नाही. जप्त केलेले घड्याळ घेऊन आम्ही पंचांसह त्याच वळणावर गेलो. डॉक्टरही आले. घड्याळ बाकावर ठेवून आम्ही बाजूला उभे राहिलो. थोड्या वेळाने पाहिले तर रेघ रस्ता ओलांडून दरीकडे गेली होती आणि परत येत होती. मग हवालदार बाईंनी ते सैल पट्ट्यानेच बांधले आणि बाकावर बसून आले कुटायला घेतले. आकडा चढत दीडशेच्या पुढे गेला. त्याच वेळी डॉक्टरांनी दुसऱ्या हाताची नाडी मोजली. ती शांत होती. पट्टा वर सरकवून घट्ट केला, तसा आकडा खाली आला.

तरी यातून ती कड्यावर गेली नव्हती हे सिद्ध होत नव्हते. घड्याळाची साक्ष धरता येणार नाही, एवढेच कळले. टपरीवाल्या बाईला तिच्या लेकीच्या गावी जाऊन गाठले.

"ते पोरगी? माह्याजवळच तर बसून होती," ती म्हणाली. "नवरा कावून नाई आला म्हणून आमी दोघी संगंच पाहाले गेलो. तो खाली पडलेला दिसला तवा तिच्याआधी मीच ओरडली."

मृताच्या मोबाइलमधले शेवटचे फोटोही तोवर हाती आले होते. प्रत्येक फोटोवरून तो कड्याच्या आणखी जवळ गेल्याचे दिसत होते. तिथला खडक शेवाळलेला होता.

दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलावून मी सगळे समजावून सांगितले. भाऊ मान खाली घालून बसला. आईने एवढेच विचारले, "म्हंजे माहा पोरगा आपल्यानंच पडला?"

"हो, आई. कुणीच काही केलं नाही."

त्या बाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मला वाटले होते, खून नाही हे ऐकून त्यांना हलके वाटेल. तसे झाले नाही. राग धरायला जे माणूस होते, तेही मी काढून घेतले होते. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, बाकाच्या टोकाला बसलेल्या सुनेपाशी गेल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जेवली का तू?"

सुनेने नाही म्हणून मान हलवली. दोघी ठाण्याच्या पायऱ्या एकमेकींना धरून उतरल्या.

त्यानंतर यंत्राचा पुरावा समोर आला की मी तो टाळला नाही, पण आधी जागेवर नेऊन तपासला. आणि फिर्याद घेऊन आलेल्या माणसाचे दुःख किती आणि संशय किती, हे वेगळे करून पाहायला शिकलो. त्या भावाने खोटी फिर्याद दिली नव्हती. भाऊ असा सहज गेला, हे त्याला सोसवत नव्हते आणि हातात एक आकडा आला होता.