दुसऱ्याच्या घरातले टाक

वकीलकाका पडक्या घरात शिरण्याआधी दार वाजवत. दार उरलं नसेल तर चौकट वाजवत, "आहे का कोणी?" असं विचारत आणि बूट बाहेर काढून ठेवत. आत काचा, खिळे, कबुतरांची घाण. आणि हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मोज्यांवर! हैदराबादमधल्या ओस घरांचे फोटो टाकणारा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे यावरून त्यांची यथेच्छ टिंगल चाले. काका तीही मन लावून वाचत.

ते नारायणगुड्याचे, घरात तीन पिढ्यांची वकिली. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेली. माझं मराठी त्यांना 'फार इस्त्रीचं' वाटे. ग्रुपवर ते दोनच नियम सांगत: काही उचलायचं नाही आणि पत्ता द्यायचा नाही. "घर खाली झालं बेटा, बेवारस नाही झालं," म्हणत. कुणी 'किधर है ये?' विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "हैदराबाद में है मियाँ."

बरकतपुऱ्यातल्या एका बंद घरात आम्हाला एक छोटं लाकडी देवघर सापडलं. आत कुलदैवतांचे चांदीचे पाच टाक, काळे पडलेले. मी म्हटलं, "काका, तुमच्या देवघरात नेऊन ठेवू या."

"नक्को! दुसऱ्याचे देव आहेत. ज्यांचे त्यांनीच हलवायचे."

मग जुने शेजारी गाठून गाठून त्यांनी मालकीणबाईंना शोधून काढलं. दिराशी भांडण होऊन बाई नेसत्या वस्त्रानिशी सोलापूरला गेल्या होत्या. देव मागे राहिले, ही रुखरुख त्यांना इतकी वर्षं खात होती. फोनवर त्या रडल्या. रविवारी न्यायला येते म्हणाल्या.

मला कुठला तेवढा दम! मी मंगळवारीच देवघराचा फोटो ग्रुपवर टाकला. वाहवा सुरू झाली. "हमकू भी बताओ ना, किस गली में है?" एकाने विचारलं. मी हुरळले आणि गल्ली सांगून बसले. घटकाभराने मेसेज पुसला, पण ज्याने वाचायचा त्याने वाचला होता. शनिवारी टाक उजळायला म्हणून आम्ही चिंच घेऊन गेलो, तर टाकांसकट देवघरच जागेवर नव्हतं.

मी रडत सगळं कबूल केलं. काका पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा हात जोडून म्हणाले, "चूक माझी. पत्ता माझ्याकडूनच बाहेर गेला." मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. बाई पाठ फिरवून रिक्षात बसल्या. त्याच दिवशी काकांनी ग्रुप सोडला.

पुढे मी त्यांच्याकडे जात असे. चहा मिळे, माया मिळे. रागाचा शब्द कधी नाही. फक्त एकदा म्हणाले, "बाई अजून नाराज असतील का गं?" मी म्हटलं, "नसतील हो." खरं सांगायची ती वेळ होती. मी भित्री, गप्प बसले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलाकडून नंबर घेऊन मी सोलापूरला फोन लावला आणि बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसतील.

"दिवाळीला त्यांचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "दोनदा. मी उचलला नाही."