एकोणीस नंबरची कुपी

“स्वल्प तोंड उघडा बघू.” आमच्या प्रयोगशाळेतले अण्णा हे कुणालाही म्हणायचे. तिथं आलेल्या पेशंटला म्हणायचे ते ठीक, पण भाडं ठरवताना रिक्षावाल्यालासुद्धा. आणि तोही मुकाट्यानं आ करायचा. हिरड्या सुजलेल्या दिसल्या की पुढचं वाक्य ठरलेलं, “साखर तपासून घ्या. आजच.”

अण्णा निपाणीकडचे. हिरडीच्या फटीत कागदाची बारीक काडी घालून नमुना घ्यायचे आणि कुपीवर मोत्यासारख्या अक्षरात फक्त नंबर लिहायचे. नावांची वही त्यांच्या कपाटात, कुलपात. कुपीतली चरबी तपासायचं काम माझं. हो, चरबीच. हिरडीतले काही जंतू आपली वेगळीच चरबी बनवतात, शरीर तिच्यावर चवताळतं, आणि दाताखालचं हाड झिजत जातं; साखर वाढलेली असली की जास्तच.

कार्तिकात ते बसवनगुडीच्या भुईमुगाच्या जत्रेतून शेंगा आणायचे, सगळ्यांना सोलून द्यायचे. स्वतः एक दाणा तोंडात टाकायचे नाहीत. “खोकला येतो हो मला.” आम्हाला ते खरं वाटायचं. दिवसभर लोकांच्या हिरड्यांचा अभ्यास करणारी माणसं आम्ही, कुठं बघत होतो कोण जाणे.

गेल्या वर्षी तुलनेसाठी एक निरोगी माणूस कमी पडत होता. मी रोज अण्णांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी एकोणीस नंबरची कुपी आली. तपासली, तर चरबी पक्क्या आजारी हिरडीची. मी भडकले. “अण्णा, लेबल चुकवलंत तुम्ही.”

वीस वर्षांत त्यांचं एक लेबल चुकलं नव्हतं. त्यांनी कुपी परत घेतली. मग म्हणाले, “सरी, बरोबर मॅडम. चुकलं असंल.”

पावसाळ्यात त्यांच्या पायाला नवी चप्पल लागली. जखम चिघळली, विष अंगभर गेलं. साखर कधीपासून वाढलेली होती, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात अण्णा गेले.

त्यांचं कपाट मलाच उघडावं लागलं. वहीत एकोणीस नंबरपुढे अण्णांचं स्वतःचं नाव होतं. आरशासमोर उभं राहून घेतला असणार नमुना, मी घाई लावली म्हणून. आणि मी आजार सांगितल्यावर ते लाजले असणार. रिक्षावाल्याला जे वाक्य ते सांगायचे, ते त्यांना सांगायची पाळी माझी होती ना. मी त्यांच्यावरच ओरडले. याचं आता काय करू, तुम्हीच सांगा.

पुढे शेऱ्याच्या रकान्यात, त्याच सुबक अक्षरात लिहिलंय, “लेबल चुकले. नमुना टाकून दिला.”